हार्ट फेल्युअर: बीपी आधीच कमी, मग बीपीच्या गोळ्या कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी दम आणि पायांची सूज म्हणून ॲडमिट होते. इकोत ईएफ २८ टक्के, अँजिओग्राफीत मोठा ब्लॉक नाही. आता सूज उतरली आहे, एक जिना न थांबता चढतात. चालू गोळ्या: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ५० दोनदा, कार्वेडिलॉल ३.१२५ दोनदा, स्पायरोनोलॅक्टोन २५, डॅपाग्लिफ्लोझिन १० आणि टॉर्सेमाइड २० सकाळी. बीपी १००/६४, चक्कर नाही, शुगर कधीच नव्हती. क्रिएटिनिन १.१ चं १.३ झालं, पोटॅशियम ४.८. बीपी कमी असताना बीपीच्या आणि शुगर नसताना शुगरच्या गोळ्या का? किडनीवर परिणाम होतोय का? आणि बरं वाटतंय तर यातल्या काही कमी करता येतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. या पाचांपैकी टॉर्सेमाइड तेवढी बरं वाटू लागल्यावर कमी करायची गोळी आहे. उरलेल्या चार कमी करायच्या नाहीत. उलट त्यातल्या दोघींचा डोस अजून अगदी तळाला आहे आणि तो वाढवायचा आहे. या दोन प्रकारच्या गोळ्यांतला फरक एकदा पटला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘फेल्युअर’ हा शब्द घात करतो. हृदय बंद पडलं किंवा पडणार आहे, असा त्याचा अर्थ लोक घेतात. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन स्नायूचा तुकडा मरणं. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे ठोके अचानक थांबणं. हार्ट फेल्युअर या दोन्हींहून वेगळं आहे: हृदय चालू आहे, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं, किंवा ढकलतं पण त्यासाठी आतला दाब वाढवावा लागतो. हा वाढलेला दाब मागे फुप्फुसांत गेला की दम लागतो, शरीराकडच्या शिरांमध्ये गेला की पाय सुजतात, पोट जड होतं, भूक मरते.

ईएफ २८ म्हणजे हृदय २८ टक्केच उरलं, असंही नाही. डावा खालचा कप्पा ठोक्याआधी जेवढा भरतो, त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी हृदयसुद्धा पूर्ण रिकामं होत नाही. समजा कप्पा १३० मिली भरला आणि ७५ मिली बाहेर गेलं, तर ईएफ झाला सुमारे ५८, आणि तो नॉर्मल. आता आजारी हृदय बघा. कप्पा फुगून २०० मिली धरू लागला आणि ५६ मिली बाहेर टाकतोय, तर ईएफ २८. दर ठोक्याला बाहेर जाणाऱ्या रक्तात फरक आहे, पण ५८ आणि २८ या आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही. शरीराने कप्पा मोठा करून कसाबसा हिशेब जुळवलेला असतो. हे जुळवणंच पुढे महागात पडतं, आणि चार गोळ्यांचं काम तिथे सुरू होतं.

रक्ताभिसरण कमी पडलं की किडनी आणि मोठ्या रक्तवाहिन्यांमधल्या दाब ओळखणाऱ्या पेशींना ते कळतं. पण कमी का पडलं, हे त्यांना कळत नाही. त्यांना एकच कारण ठाऊक: कुठेतरी रक्तस्राव झालाय किंवा शरीरातलं पाणी आटलंय. त्यावरचा त्यांचा उपायही ठरलेला आहे. अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडं नाडी वाढवतात. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ आणि पाणी सोडू नकोस. जखमी माणसाला हे काही तास वाचवतं. इथे मात्र रक्त सांडलेलं नाहीच. पंप अशक्त आहे, आणि त्याच्यापुढे आवळलेल्या नळ्या, मागे जादा पाणी, वर चढी नाडी असा तिहेरी बोजा महिनोन्‌महिने पडत राहतो. शिवाय ही रसायनं थेट हृदयाच्या स्नायूवरही काम करतात. पेशी मरतात, मध्ये चिवट तंतू भरतात, लांबट आकाराचा कप्पा चेंडूसारखा गोल होतो, झडपेची तोंडं एकमेकांपासून लांब जाऊन ती गळू लागते. म्हणजे पहिलं दुखणं काहीही असो, पुढचं नुकसान शरीराची ही चुकीची धोक्याची घंटा करते.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, कार्वेडिलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही घंटा बंद करतात, प्रत्येकजण वेगळ्या तारेवर. बीपी उतरणं हा त्यांचा इथला हेतूच नाही, तो सोबत येणारा परिणाम आहे. याच गटांतली औषधं उच्च रक्तदाबासाठीही देतात, म्हणून ‘बीपीची गोळी’ हे नाव चिकटलं. नावावर जाऊ नका.

आता एकेक.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही दोन औषधांची जोडगोळी आहे. वल्सार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं. सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिन नावाच्या विकराला रोखतं. ताणलेलं हृदय स्वतःच बीएनपीसारखी संप्रेरकं सोडतं. ती रक्तवाहिन्या सैल करतात आणि मीठ बाहेर काढतात, पण नेप्रिलायसिन त्यांचे तुकडे करत असतं. त्याला रोखलं की शरीराचं हे चांगलं औषध जास्त वेळ टिकतं. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत ही जोडी एनॅलाप्रिलसमोर उभी केली होती. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं, हे एकत्र धरून २० टक्क्यांनी कमी झालं. एनॅलाप्रिल स्वतः चांगलं औषध आहे, हे ध्यानात घेतलं तर हा फरक मोठा आहे.

या गोळीबाबत तीन गोंधळ वारंवार होतात. पहिला डोसच्या आकड्याचा: कुठे ‘५०’ लिहितात, कुठे ‘२४/२६’, आणि दोन्ही एकच गोळी आहे. ‘१००’ म्हणजे ४९/५१, ‘२००’ म्हणजे ९७/१०३. चिठ्ठी एका पद्धतीची आणि पाकीट दुसऱ्या पद्धतीचं असेल तर घरचे घाबरून दुप्पट किंवा अर्धी देतात. दुसरा गोंधळ जुन्या गोळ्यांचा: रामिप्रिल, एनॅलाप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी घरात काही उरलं असेल तर ते या गोळीसोबत कधीही घ्यायचं नाही, दोन्हींत ३६ तासांचं अंतर हवंच. एकत्र घेतल्यास ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडण्याचा धोका असतो. तिसरा रक्ततपासणीचा: ही गोळी चालू असताना साधी बीएनपी चाचणी फसवी ठरते, कारण बीएनपीचे तुकडे होणंच कमी झालेलं असतं. तुलना करायची तर एनटी-प्रोबीएनपी करावी.

कार्वेडिलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनला हृदयावर काम करू न देणारा. हार्ट फेल्युअरमध्ये टिकलेली तीनच नावं ध्यानात ठेवा: कार्वेडिलॉल, बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. त्यातही सक्सिनेट हे दिवसभर हळूहळू सुटणारं. मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ही वेगळी गोळी आहे, आणि अटेनोलॉल या यादीत नाही. ‘सगळे बीटा ब्लॉकर सारखेच’ म्हणून कोणी बदलून दिलं तर घेऊ नका. एक काळ असा होता की अशक्त हृदयाला बीटा ब्लॉकर देणं म्हणजे विष देणं समजलं जायचं. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांना ते देऊन हृदय सुधारल्याचं लिहिलं, तरी वैद्यकाला ते पटायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट यांच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या आणि दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले.

जुनी भीती अगदीच खोटी नव्हती, मात्र. बीटा ब्लॉकर सुरू करताना किंवा डोस वाढवताना पहिले दोन-तीन आठवडे माणूस आधीपेक्षा थकलेला वाटतो. क्वचित पाणीही साठतं. फायदा दिसायला तीन महिने लागतात. गोळी ‘सोसत नाही’ म्हणून सोडणारे बहुतेकजण याच खिडकीत सोडतात. म्हणून सूज पूर्ण उतरल्यावर, अगदी कमी डोसने सुरुवात करायची आणि दर दोन आठवड्यांनी दुप्पट करायचा: ३.१२५, ६.२५, १२.५, २५, सगळे दिवसातून दोनदा. वजन ८५ किलोच्या वर असेल तर ५० दोनदापर्यंत. कार्वेडिलॉल जेवणासोबत घ्यावी, म्हणजे ती सावकाश शोषली जाते आणि उठल्यावर चक्कर कमी येते. ही गोळी एका दिवसात बंद करायची नसते. अचानक सोडली तर अडवून ठेवलेली अ‍ॅड्रिनॅलिनची लाट एकदम हृदयावर येते.

स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवते. २५ मिलिग्रॅमला तिचं लघवी वाढवण्याचं काम नगण्य असतं, तिला पाण्याची गोळी समजून बंद करू नका. १९९९ च्या रेल्स चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये तिने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. रेल्सनंतर कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतात ही गोळी भराभर लिहिली जाऊ लागली, तसे पोटॅशियम वाढून ॲडमिट होणारे आणि दगावणारेही वाढले. औषध तेच होतं. चाचणीत ठरलेल्या दिवशी रक्त तपासलं जात होतं, बाहेर तसं होत नव्हतं. म्हणून सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एका आठवड्याने, मग चार आठवड्यांनी आणि पुढे काही महिन्यांच्या अंतराने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायचंच. पोटॅशियम ५.० च्या वर असताना ही गोळी सहसा सुरू करत नाहीत. चालू असताना ५.५ ओलांडलं तर डोस अर्धा, ६.० ओलांडलं तर बंद आणि तातडीने उपचार. तुमचं ४.८ चालण्यासारखं आहे, पण पुढची तपासणी टाळण्यासारखं नाही. आकडा अचानक ६ च्या आसपास आला आणि माणूस ठणठणीत दिसत असेल, तर नमुना काढताना लाल पेशी फुटल्या का, हेही विचारा, कारण त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. अशा वेळी ईसीजी आणि नवा नमुना त्याच दिवशी. पुरुषांमध्ये साधारण दहातल्या एकाची छाती या गोळीने दुखते किंवा वाढते. लाजेपोटी ते सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगितलं तर त्याच गटातलं एप्लेरेनोन देता येतं, त्यात हा त्रास क्वचित होतो.

डॅपाग्लिफ्लोझिन मुळात शुगरची गोळी, खरी गोष्ट. ती किडनीतून साखर आणि थोडं मीठ लघवीवाटे बाहेर सोडते. मधुमेहाच्या चाचण्या करताना या गटातल्या औषधांनी हार्ट फेल्युअर कमी होतंय असं दिसलं, मग मधुमेह नसलेल्यांनाही घेऊन २०१९ मध्ये डापा-एचएफ चाचणी झाली. निम्म्याहून जास्त रुग्णांना शुगर नव्हती, आणि फायदा दोघांनाही सारखाच. शुगर नसलेल्या माणसाची साखर हिने घसरत नाही. डोस एकच, १० मिलिग्रॅम, वाढवायची भानगड नाही. मात्र लघवीच्या तपासणीत साखर तीन-चार प्लस येणारच. तो रिपोर्ट बघून नव्या डॉक्टरांनी मधुमेहाचं निदान करू नये म्हणून गोळीचं नाव आधी सांगा. त्याच साखरेमुळे जननेंद्रियाच्या त्वचेला बुरशीची खाज येऊ शकते. लघवीनंतर जागा धुऊन कोरडी ठेवणं हा साधा उपाय बहुतेकांना पुरतो. ठरलेलं ऑपरेशन असेल तर तीन दिवस आधी बंद. उलट्या चालू असतील किंवा पोटात अन्न जात नसेल तरी बंद, कारण अशा वेळी रक्तातली साखर जवळपास नॉर्मल असूनही कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. मळमळ, पोटदुखी आणि खोल-जलद श्वास दिसला आणि ग्लुकोमीटर ‘ठीक’ म्हणाला, तर त्याच्यावर विसंबू नका.

आता पाचवी, टॉर्सेमाइड. ही आणि फ्युरोसेमाइड साठलेलं पाणी काढतात आणि माणसाला सर्वांत आधी बरं वाटतं ते यांच्यामुळे. म्हणून घरच्यांचा विश्वास हिच्यावर आणि संशय बाकी चौघींवर, असं उलटं चित्र दिसतं. आयुष्य वाढवतात त्या चार, ही त्रास कमी करते. तरी तिचं गणित नीट समजून घ्या. या गोळीला उंबरठा असतो: ठराविक पातळी गाठली तरच लघवी सुटते, त्याखाली जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून २० ने भरपूर लघवी होणाऱ्याला १० ने निम्मी होईल असं नाही. कदाचित होणारच नाही. आणि ज्याला २० ने काहीच होत नाही, त्याला दोनदा २० देण्यापेक्षा एकदा ४० दिलेली बरी. टॉर्सेमाइड २० म्हणजे ढोबळमानाने फ्युरोसेमाइड ४०. २०२३ च्या ट्रान्सफॉर्म-एचएफमध्ये दोन्हींतून जगण्यात काही फरक निघाला नाही. पण आतड्याला सूज असताना फ्युरोसेमाइड बेभरवशाची शोषली जाते, टॉर्सेमाइड बरीच खात्रीने, म्हणून माझा कल हिच्याकडे. परिणाम सहा ते आठ तास. सकाळी घ्यावी, दुसरा डोस असेल तर दुपारी. रात्री घेतली तर झोप जाते आणि अंधारात उठताना पडणं होतं. सकाळी प्रवास असेल तर पोहोचल्यावर घ्या, पण गाळू नका.

ही गोळी कमी करायची की वाढवायची, हे सांगतो वजनकाटा. सकाळी उठून, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. समजा वडिलांचं सूज उतरल्यानंतरचं ‘कोरडं’ वजन ६१.५ आहे आणि वहीत असं दिसतंय: सोमवार ६१.४, मंगळवार ६१.९, बुधवार ६१.३, गुरुवार ६२.१, शुक्रवार ६२.८, शनिवार ६३.६. मंगळवारच्या अर्ध्या किलोला अर्थ नाही, ते खालीवर होतंच. पण बुधवार ते शनिवार २.३ किलो चढलं. तीन दिवसांत एवढी चरबी चढत नाही, हे सव्वादोन लिटर पाणी आहे. पाय अजून सुजलेले नसतील, कारण दोन-तीन लिटर साठेपर्यंत नडगीवर अंगठा दाबला तरी खड्डा पडत नाही. म्हणजे सूज दिसण्याची वाट बघणारा माणूस चार-पाच दिवस उशिरा जागा होतो. तीन दिवसांत २ किलोच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन करा, आणि अशा वेळी टॉर्सेमाइड किती वाढवायची हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या.

उलट ५९.८ आलंय, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ कोरडी आहे, तर पाणी जास्त उपसलं गेलंय. तुमचे वडील बहुधा याच दिशेने जाताहेत: सूज नाही, क्रिएटिनिन थोडं वर. वजन स्थिर असेल तर टॉर्सेमाइड २० ची १० करून आठवडाभर काटा बघणं, हा डॉक्टरांशी बोलण्याचा पहिला विषय. वजनाची एक फसवणूकही माहीत असू द्या. भूक गेलेल्या माणसाचा स्नायू झिजतो आणि त्या जागी पाणी भरतं, काटा मात्र हलत नाही. पट्टा सैल होतोय, दंड बारीक दिसताहेत आणि वजन तेच, तर ते चांगलं लक्षण नाही. म्हणून काट्यासोबत उशा मोजा. एका उशीवर झोपणारा दोन मागू लागला, किंवा रात्री दम कोंडून उठून बसू लागला, तर वजन काहीही असो, पाणी वाढलंय असं समजा.

बीपी १००/६४ आणि चक्कर नाही, तर काही करायचं नाही. या आजारात तो आकडा चालतो. चक्कर असेल तर आधी मोजून बघा: पाच मिनिटं आडवं पडून बीपी, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर तक्रार खरी. तेव्हा कात्री कुठे लावायची याचा क्रम असतो. पहिली टॉर्सेमाइड, जर सूज नसेल. मग हार्ट फेल्युअरशी संबंध नसलेली औषधं, जसं अ‍ॅम्लोडिपिन किंवा प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनसारखी गोळी. मग वेळा बदलणं, म्हणजे सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन आणि कार्वेडिलॉल यांच्यात दोन तासांचं अंतर. एवढं करूनही भागलं नाही तरच या दोघींपैकी एकीचा डोस एक पायरी खाली. स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन बीपी फार उतरवत नाहीत, त्यांना हात लावून काही मिळत नाही. प्रत्यक्षात होतं उलटं: चक्कर आली की सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन बंद होते आणि पाण्याची गोळी चालूच राहते.

किडनीचं. १.१ चं १.३ म्हणजे १८ टक्के वाढ. या गोळ्या किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं आणि स्थिरावतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, पोटॅशियम आटोक्यात आणि माणूस बरा असताना, स्वीकारायची असते. दीर्घ पल्ल्यात डॅपाग्लिफ्लोझिन किडनीची घसरण मंदावते. वाढ याहून पुढे गेली तर आधी शोधायचं ते जादा उपसलेलं पाणी, आणि त्यानंतर वेदनाशामक गोळी.

वेदनाशामक गोळीइतकं नुकसान या रुग्णांचं दुसरं कुठलंही औषध करत नसावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब: ही सगळी किडनीचा रक्तपुरवठा उघडा ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन्स थांबवतात. मीठ-पाणी साठतं, टॉर्सेमाइड निकामी होते, पोटॅशियम चढतं. गुडघा दुखतोय म्हणून चार दिवस घेतलेली गोळी पाचव्या दिवशी दम देऊन ॲडमिट करू शकते. साधं पॅरासिटामॉल चालतं, पण पाण्यात फसफसणारं नको. त्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. व्हेरापामिल, डिल्टियाझेम (कमी ईएफमध्ये), पायोग्लिटाझोन, सॅक्साग्लिप्टिन, पायांच्या रक्तवाहिन्यांसाठीची सिलोस्टाझोल आणि सर्दीवरची स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी, हीही टाळायची. ‘कमी सोडियमचं मीठ’ तर या माणसासाठी सापळाच आहे. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि वडील स्पायरोनोलॅक्टोनवर आहेत. साधंच मीठ वापरा, एकूण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. पाणी मोजून देण्याची सक्ती स्थिर रुग्णाला सहसा लागत नाही. सोडियम घसरलं किंवा सूज हटत नसली तर डॉक्टर दीड ते दोन लिटरची मर्यादा घालतात.

जुलाब-उलट्यांच्या दिवसांचा नियम वेगळा. शरीरातलं पाणी खरोखर आटत असताना टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन तात्पुरत्या थांबवतात, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनबद्दल बीपी बघून ठरवतात. कार्वेडिलॉल सहसा चालू राहते. हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून करा, आणि खाणंपिणं सुरळीत झाल्यावर एक-दोन दिवसांत सगळं परत सुरू करा. थांबवलेल्या गोळ्या परत सुरू करायला विसरणं ही फार नेहमीची चूक आहे.

डोस किती घाईने वाढवावा, यावर २०२२ च्या स्ट्राँग-एचएफने वादच मिटवला. डिस्चार्जच्या आधी निम्मा डोस, दोन आठवड्यांत पूर्ण डोस, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व सहाव्या आठवड्याला तपासणी व रक्त. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आलं. तुमच्याकडे दोन महिने उलटले आणि कार्वेडिलॉल अजून ३.१२५ आहे. ‘बरं चाललंय, तसंच ठेवू’ हे इथे बरोबर नाही. नाडी ६० च्या वर आणि सूज नसेल तर ६.२५ कधी करायची, हे पुढच्या भेटीत थेट विचारा. कार्वेडिलॉल आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन या दोघींचे डोस एकाच दिवशी वाढवू नका, नाहीतर चक्कर कोणामुळे आली ते कळणार नाही.

सोसतील त्या डोसवर तीन महिने गेले की पुन्हा इको. ईएफ ३५ किंवा खाली राहिला तर झटका देणाऱ्या यंत्राचा, आयसीडीचा, विचार होतो. ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (डावीकडे विजेचा संदेश उशिरा पोहोचणं) आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची ईसीजीतली लाट) १५० मिलिसेकंदांच्या पुढे असेल तर दोन्ही बाजू एकत्र चालवणाऱ्या सीआरटी पेसमेकरचा. नाडी नियमित असूनही बीटा ब्लॉकरच्या पूर्ण डोसवर ७० च्या वर राहिली तर नाडी उतरवणारं आयव्हाब्राडीन. रक्तातलं लोह कमी असेल तर ते शिरेतून, कारण तोंडावाटे घेतलेल्या लोहाचा इथे उपयोग होत नाही. डिगॉक्सिन जुनं आणि नाजूक औषध. १९९७ च्या चाचणीत त्याने ॲडमिट होणं कमी केलं, मृत्यू नाही. किडनी बिघडली की ते साठतं आणि मळमळ, पिवळसर दिसणं, विचित्र ठोके सुरू होतात.

आणि ईएफ ५५ झाला तर? बहुतेकांना वाटतं, सुटलो. नेमका हाच प्रश्न ट्रेड-एचएफ चाचणीने विचारला. तुमच्या वडिलांसारखेच, ब्लॉक नसताना कप्पा फुगलेले, पण औषधांनी ईएफ नॉर्मल झालेले आणि काहीही त्रास नसलेले ५१ जण घेतले. २५ जणांच्या गोळ्या हळूहळू, देखरेखीखाली बंद केल्या. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. तेव्हा कमी होईल ती टॉर्सेमाइड, कधीकधी पूर्ण बंदही होईल. चौघी राहतील.

हे सगळं कमी ईएफबद्दल झालं. ज्यांच्या रिपोर्टवर ईएफ ५० किंवा जास्त आणि तरी हार्ट फेल्युअर असं लिहिलंय, त्यांनी ही चारची यादी स्वतःला लावू नये. तिथे स्नायू ताठर असतो, भरताना त्रास होतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन तिथेही उपयोगी आहे, २०२४ पासून फिनेरेनोनचाही पुरावा आहे, पण बीटा ब्लॉकर त्या आजारासाठी म्हणून देत नाहीत.

बसल्या जागी दम, गुलाबी फेसाळ थुंकी, शुद्ध हरपणं, ओठ-जीभ सुजणं, यांत फोन आणि वजनकाटा बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी गाठायची.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. अँजिओग्राफी स्वच्छ असताना ईएफ २८ का झाला, याचं उत्तर तुमच्या माहितीत कुठेच नाही. दारू, थायरॉइड, महिनोन्‌महिने चढी राहिलेली नाडी, पूर्वीची केमोथेरपी, विषाणूचा संसर्ग, यांची विचारपूस झाली आहे का ते बघा. यातली काही कारणं दूर केली तर हृदय बरंच सावरतं. काहीच सापडलं नाही तर आजार आनुवंशिक असू शकतो. अशा वेळी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी, काही त्रास नसला तरी, एकदा ईसीजी आणि इको करून घ्यायचा असतो. त्यात तुम्हीही आलात.